बाजेवरचे तेरा आठवडे

गेल्या वर्षी माझ्या मुलीची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली आणि गर्भाशयाच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली. पुण्याहून तिचा फोन आला तेव्हा माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मी म्हटलं, "आता कॉटवरून उतरू नकोस. मी उद्या पहिल्या एसटीनं येते." ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी झोपून राहायला सक्त मनाई केलीय. रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी ठेवायची, जड उचलायचं नाही, दर पंधरा दिवसांनी तपासणी. बाकी हिंडायचं-फिरायचं."

मी दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. तरीही सल्ला बदलला नाही. त्या रात्री मुलीनं मला विचारलं, "मग तू माझ्या वेळी तीन महिने उगाचच झोपलीस का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी डॉक्टर नाही, संस्कृतची पदवीधरही नाही. एका पतसंस्थेत काही वर्षं कारकुनी केली आणि पुढे आवडीनं जुने ग्रंथ नि अहवाल वाचत राहिले, एवढीच माझी तयारी. पण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलेला होता. म्हणून गर्भार बाईला बाजेवर झोपवण्याचा हा उपाय आला कुठून, तो कुणाला मिळाला आणि त्याचा गुण खरंच आला का, याचा माग काढायचं ठरवलं. वर्षभराच्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

चार विटा

आधी माझी हकिकत सांगायला हवी. १९९४ साली माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. ना कळा, ना ताप. तोंड आपोआप उघडलं आणि तासाभरात सगळं संपलं. मुलगा होता. पुन्हा दिवस राहिले तेव्हा चौदाव्या आठवड्यात गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला. चोविसाव्या आठवड्यात ओटीपोटात जडपणा वाटू लागला म्हणून दाखवायला गेले, तर हुकूम झाला : टाका काढेपर्यंत कॉट सोडायची नाही. सासऱ्यांनी परसातल्या चार विटा आणून कॉटच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन दोन लावल्या. पाय वर, डोकं खाली. डाव्या कुशीवर निजायचं. जेवण तिथंच, अंग पुसणं तिथंच, भांडंही तिथंच.

असे तेरा आठवडे गेले. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला आणि चार दिवसांनी मुलगी झाली. आमच्या घरात तेव्हापासून सगळे म्हणत आले, की हिनं बाज सोडली नाही म्हणून पोर हाती लागली. मीही तेच म्हणत आले.

चरकाची बाज

सातारच्या नगरवाचनालयात मराठी भाषांतरासह चरकसंहिता आहे. तिच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय मी पहिल्यांदा उघडला. गरोदरपण, प्रसूती आणि बाळाची पहिली काळजी असा सगळा विषय या एका अध्यायात आहे. गर्भिणीला दिवस भरण्याआधी रक्त दिसलं तर काय करावं, हे तिथं सांगितलंय. तिला ताबडतोब मऊ, सुखकर, थंड अंथरुणावर निजवावं आणि डोक्याकडची बाजू किंचित उतरती ठेवावी. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. सासऱ्यांच्या चार विटा दोन हजार वर्षं जुन्या निघाल्या होत्या.

पुढे उपचार येतात. ज्येष्ठमधानं सिद्ध केलेल्या गार तुपात भिजवलेला बोळा, बेंबीखाली शंभर किंवा हजार वेळा धुतलेल्या तुपाचा लेप, गार पाण्याच्या धारा. मग पथ्य : राग नको, शोक नको, श्रम नकोत, समागम नको. आणि शेवटी, तिच्याजवळ बसणाऱ्यांनी तिला रुचतील अशा सौम्य गोष्टी सांगत तिचं मन राखावं. हीसुद्धा चिकित्साच म्हणून सांगितलेली आहे.

पण त्याच अध्यायात थोडं मागे गेलं की वेगळं काही सापडतं. गर्भाला अपाय करणाऱ्या सवयींची तिथं यादी आहे. सतत उताणं झोपणाऱ्या बाईच्या गर्भाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळते, असं त्यात म्हटलंय. आणि जी गर्भिणी सदोदित झोपूनच असते तिचं मूल सुस्त, मंदबुद्धीचं आणि मंद अग्नीचं होतं, असंही म्हटलंय. ही कारणमीमांसा आज कुणी मानणार नाही, पण ग्रंथकाराचा रोख स्पष्ट आहे. निजणं हा रक्तस्रावासारख्या प्रसंगापुरता उपचार होता. नऊ महिन्यांची राहणी म्हणून ते त्याला मान्य नव्हतं. गर्भिणीला कसं वागवावं हे सांगताना तो तेलानं काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा देतो. असं भांडं नेताना ते हिंदकळू नये म्हणून जपायचं असतं. म्हणजे भांडं एका जागी ठेवून द्यायचं नाही, सांभाळून न्यायचं आहे.

बाळंतपणाच्या तयारीची यादीही याच अध्यायात आहे. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार बांधून ठेवायचं. तूप, तेल, मध, मीठ, सुई-दोरा, धारदार शस्त्रं, बेलाच्या लाकडाच्या दोन बाजा आणि जळण हे सगळं आधी जमवायचं. त्यासोबत पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, मायाळू, न कंटाळणाऱ्या बायका हव्यात. सामानाच्या यादीत माणसांची गणना केलेली पाहून मला माझ्या सासूबाई आठवल्या.

फिलाडेल्फियातली विश्रांती

पाश्चात्त्य वैद्यकात बाळंतिणीनं पडून राहण्याची चाल जुनीच. १७४५ साली डब्लिनमध्ये प्रसूतिगृह निघालं. अशा इस्पितळांना इंग्रजीत नावच मुळी 'पडून राहण्याचं इस्पितळ' या अर्थाचं होतं. पण विश्रांती हे औषध आहे आणि ते मोजून द्यायचं असतं, हा विचार एकोणिसाव्या शतकात बळावला. १८६३ साली लंडनच्या जॉन हिल्टन या शल्यवैद्याची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं पुस्तकरूपानं निघाली. मोडलेलं हाड स्थिर ठेवलं की सांधतं, तसंच इतर दुखऱ्या अवयवांचंही असतं, हे त्यांचं म्हणणं. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं विश्रांतीचा एक पुरा उपचारच रचला. थकलेल्या, खचलेल्या बायकांना काही आठवडे बिछान्यात ठेवायचं, भरपूर दूध पाजायचं, अंग रगडायचं. वाचन नको, लेखन नको, माणसांच्या भेटी नकोत. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर १८८७ साली हाच उपचार झाला. तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ मध्ये छापून आली. बाळंतपणानंतर एका खोलीत सक्तीची विश्रांती घेणाऱ्या बाईचं मन कसं ढासळत जातं, त्याची ती कथा आहे.

याच फिलाडेल्फियात १८८३ ते १८८६ या काळात आपल्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांत गेला होता. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. एकाच शहरात, एकाच दशकात एकीकडे बायकांना मुकाट बिछान्यावर ठेवणारं वैद्यक जोरात होतं आणि दुसरीकडे एकविशीतली एक मराठी मुलगी गर्भिणीविषयीच्या आपल्याकडच्या जुन्या ज्ञानाची मांडणी करत होती. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या पुण्यात वारल्या. बाळंतिणींसाठी काम करायचं राहूनच गेलं.

बाज कुणाला मिळते?

वाचता वाचता मला एक गोष्ट खटकू लागली. चरक असो की मिचेल, दोघांच्याही समोरच्या बाईच्या भोवती करणारी माणसं आहेत. जिला रांधायचं आहे, पाणी भरायचं आहे, रोजंदारीला जायचं आहे, तिनं निजायचं कसं?

हा प्रश्न आपल्याकडे कायदेमंडळात विचारला गेला तो १९२८ साली. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. बाईकडून काम करवून घेऊन मालकाचा फायदा होतो, तेव्हा त्यानंही वाटा उचलायला हवा, असंही त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. त्यांतले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळतो.

माझे तेरा आठवडे या कशातच बसणारे नव्हते. पतसंस्थेनं बिनपगारी रजा दिली. मी परत गेले तेव्हा माझ्या टेबलावर दुसरं कुणी बसत होतं. तरी मी नशीबवानच, कारण आमची चूल बंद पडली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली गेल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या. खाडा झाला की पैसे कापले जातात अशा कामात पाळीचे दिवससुद्धा परवडत नाहीत. तिथं तीन महिन्यांच्या बाजेची गोष्ट कुणी कुणाला सांगायची?

शिरोडकरांचा टाका

माझ्यासारख्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात कळांशिवाय गर्भ गमावणाऱ्या बायकांना निजवण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. तो शोधला मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. ते मूळ गोव्याचे, जन्म १८९९ चा. तोंड सैल असेल तर ते बांधून घ्यावं, हा त्यांचा विचार ऐकायला साधा वाटतो. पण गर्भ पोटात असताना तिथं सुई घालण्याचं धाडस मोठं होतं. बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयाच्या मुखाभोवती, आतल्या अंगानं, बांधली. हा शोधनिबंध १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात आला. १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा धागा ओवण्याची सोपी रीत मांडली. या दोन्ही रीती आज जगभर चालतात आणि पहिलीला सगळीकडे 'शिरोडकर' म्हणूनच ओळखतात.

माझा जुना केसपेपर मी जपून ठेवलाय. त्यावर मॅकडोनल्डचं नाव आहे आणि त्याखालच्या ओळीत 'पूर्ण विश्रांती'. खरा घोळ इथंच आहे. टाका आला तरी बाज गेली नाही. दोन्ही उपाय एकत्र दिले गेले आणि मूल वाचलं की श्रेय दोघांना वाटलं गेलं. मला टाक्यानं तारलं की बाजेनं, हे माझ्या एकटीच्या केसपेपरावरून ठरणं शक्य नाही.

बाजेची परीक्षा

ते ठरवण्याची रीत म्हणजे पुष्कळ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला निजवायचं, दुसरीला नाही, आणि मग मोजायचं. जुळी असलेल्या बायकांवर असा एक प्रयोग झिम्बाब्वेत हरारे इथं झाला आणि त्याचा निष्कर्ष १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. इस्पितळात दाखल करून निजवलेल्या बायकांची प्रसूती लांबली नाही. उलट त्यांच्यात लवकर होणाऱ्या प्रसूती जास्त भरल्या. पुढच्या पाहण्यांतही बाजेच्या बाजूचा पुरावा मिळाला नाही. मुलीच्या डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यामागचा अभ्यास २०१३ सालचा अमेरिकेतला. तोंड आखूड असलेल्या ज्या बायकांना हालचाल कमी करायला सांगितलं होतं, त्यांच्यात लवकर प्रसूतीचं प्रमाण कमी नव्हतं, जास्तच होतं. चिंतेच्या बायकांनाच डॉक्टर जास्त जपायला सांगतात, हा भाग त्यात असणारच. पण निजल्यानं फायदा होतो असं त्यातून दिसत नाही. आता अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही सरसकट बिछान्यावरची विश्रांती सांगू नये असंच म्हणते.

तोट्यांची माहिती त्याच्याही आधीपासून होती. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरनं १९४७ सालीच अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. रक्ताच्या गुठळ्या, झिजणारे स्नायू, ठिसूळ होणारी हाडं, बद्धकोष्ठ आणि खचणारं मन. अंतराळात वजन नाहीसं झाल्यावर शरीराचं काय होतं हे जमिनीवर पाहायचं, तर शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे डोकं किंचित खाली ठेवून निजवतात. सासऱ्यांच्या विटांचा हा असाही उपयोग आहे.

ते वाचताना मला माझे पाय आठवले. टाका काढायला उतरवलं तेव्हा पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या. दोन पावलांत मी खाली बसले. पडल्या पडल्या घोटे फिरवावेत, पाय ताणावेत, एवढंही मला तेरा आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी झाल्यावर तिला घेऊन उभं राहायला मला महिना लागला. तो सगळा अशक्तपणा मी बाळंतपणाच्या खाती मांडला होता.

ज्यांचा खरा उपयोग झाला ते उपाय दुसरेच होते. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलं, की लवकर प्रसूतीची भीती असलेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. अपुऱ्या दिवसांची असंख्य बाळं त्यामुळे श्वास घेऊ शकली.

पण मग ते दिवस?

इथवर आल्यावर मुलीला उत्तर द्यायला हवं होतं. शास्त्रापुरतं बोलायचं तर ते सरळ आहे. होय, बहुतेक उगाचच. रक्तस्राव होत असेल, पाणी जात असेल, वार तोंडावर असेल, तर आजही डॉक्टर दाखल करून ठेवतात, जपायला सांगतात. पण नुसत्या निजण्यानं गर्भ टिकतो याला आधार नाही. आज एखादीला झोपून राहायला सांगितलं, तर कशासाठी, किती दिवस, आणि तोवर कोणते व्यायाम करायचे, हे तिनं डॉक्टरांना जरूर विचारावं.

तरीही त्या तेरा आठवड्यांत जे घडलं ते सगळं मला टाकून देता येत नाही. आमच्या घरात सून दिवसा आडवी झाली असं कधी झालं नव्हतं. सासूबाईंच्या स्वतःच्या सहा बाळंतपणांत त्या कळा सुरू होईपर्यंत चुलीपुढे होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या दोन शब्दांनी मला जे मिळालं ते मागून मिळालं नसतं. सासूबाईंनी तेरा आठवडे माझं भांडं उचललं. एक दिवस अंग पुसता पुसता त्या म्हणाल्या, "माझी दोन गेली. तेव्हा मला कुणी नीज म्हणालं नाही गं." त्या कधी स्वतःबद्दल बोलल्या त्या तेवढ्याच.

शेजारच्या काकू रोज दुपारी वाचनालयातलं पुस्तक आणून वाचून दाखवायच्या. डोहाळजेवण कॉटवरच झालं. फुलांची वाडी निजल्या निजल्या भरली आणि बायका पायथ्याशी बसून गाणी म्हणाल्या. बाळंतविड्याची तयारीही पडूनच झाली. जुन्या लुगड्यांची दुपटी फाडली, टोपडी बेतली, अळीव आणि डिंक निवडला. सासूबाईंनी आपल्या दोन इरकली लुगड्यांचे थर जमवून दिले आणि मी डाव्या कुशीवर पडून धावदोऱ्यानं गोधडी शिवली. टाके वाकडे आले. तोवर मी फक्त भीत होते; गोधडी शिवू लागल्यावर बाळ येणार असं धरून चालू लागले. आधीचं बाळ गेल्यापासून तेवढी हिंमत मला झाली नव्हती.

वाचनाची मला लागलेली सवयही त्याच बाजेवरची. काकूंनी वाचून दाखवलेलं अर्धवट राहिलं, की पुढचं मी स्वतः वाचायची.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला विश्रांती हवी होती, पण ती मिळायला आजार लागला." मला वाटतं, वर्षभर वाचून मी ज्याच्याभोवती फिरत होते ते तिनं एका वाक्यात सांगितलं. चरकानं सांगितलेली मायाळू माणसं आणि सौम्य गोष्टी, आंबेडकरांनी मागितलेली हक्काची रजा, यांतलं काहीही बाईला बाजेशी जखडल्याशिवाय देता येतं. ते द्यायला जमलं नाही की आपण बाज देतो.

मुलीला अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. आदल्या संध्याकाळी ती सोसायटीच्या आवारात फिरून आली होती. यावरून फिरणं चांगलं असं सिद्ध होत नाही, जसं माझ्यावरून निजणं चांगलं असं सिद्ध होत नव्हतं. पण प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन आपल्या पायांवर खिडकीशी उभी राहिली. गोधडी मी साताऱ्याहून नेली होती. आता विरली आहे, पण वाकडे टाके अजून धरून आहेत.